आतली माया

भाच्याच्या हळदीसाठी जुना जांभळा ब्लाऊज काढला, तर तो काखेत घट्ट झालेला. पुंडलिकनगरच्या घरात खिडकीपाशी बसून उसवायला घेतला. तो आईनं शिवलेला. आई जाऊन वर्ष होत आलंय.

माझं लग्न ठरलं तेव्हा वैजापूरच्या घरी तिनं मला मशीनजवळ उभं केलं होतं. पुस्तकातलं कटिंग तिला चालायचं नाही. जुना पेपर माझ्या अंगावर टाचण्यांनी लावून ती तो खांद्याशी दुमडत होती. कागदाला शाईचा वास होता. तिच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळं शब्द दबके येत होते.

"पुस्तकातल्या बाईचे दोन्ही खांदे सारखे असतेत. तुझा डावा उतरता हाय."

मग कापड बेतताना तिनं दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जास्त धरलं. शिवणीच्या आत असं जास्तीचं कापड दाबून ठेवतात, त्याला माया म्हणतात.

"एवढी कशाला? टोचंल मला," मी वैतागले.

"ऱ्हाऊ दे. अंग काय असंच ऱ्हाणार हाय व्हय? लागंल तवा सोड."

आज टाके उसवले. बाहेरून रंग विटलाय, आतली पट्टी मात्र नव्यासारखी गडद निघाली. रडू येईल म्हणून मी जरा थांबले. काहीच आलं नाही. मग अगदी काठावरून नवी टीप मारली.

ब्लाऊज बसला, डावा खांदासुद्धा. काढून आतून हात फिरवला. सगळी माया सोडून झाली होती.