खालच्या अंगानं गेलेले चेंडू

येरवड्याच्या बाजूला, नदीपासून फार लांब नाही, असं एक गोल्फचं मैदान आहे. रामदास ओव्हाळ तिथे अठ्ठावीस वर्षं कॅडी होता. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी उचलणारा माणूस, असं बाहेरच्यांना वाटतं. पिशवी काय, कुणीही उचलेल. रामदासला मागणी होती ती त्याच्या नजरेसाठी.

गोल्फमध्ये लांबलांब फटके मारून झाले की शेवटी माणूस ग्रीनवर येतो. ग्रीन म्हणजे अगदी बारीक कापलेल्या गवताचा गालिचा. तिथे होल असतं, आणि त्यात चेंडू हलक्या हातानं ढकलायचा असतो. त्याला म्हणतात पट. दिसायला सोपं. पण तीनशे यार्डांचा फटका मारणारे धिप्पाड साहेबलोक तीन फुटांवरून चुकत आणि आकाशाकडे बघत. रामदासला चुकण्याची कारणं पाठ होती. चेंडू जायच्या आधीच मान वर होते. काठी गळा दाबल्यासारखी आवळली जाते. सकाळी दव असताना जोर कमी पडतो, दुपारी गवत वाळलं की जास्त होतो. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे उतार ओळखता येत नाही. ग्रीन सपाट दिसतं, पण नसतं. चेंडू उताराकडे वळतो, म्हणून तो होलच्या वरच्या बाजूला मारावा लागतो. किती वर, हे चेंडूमागे उकिडवं बसून रामदास सांगायचा; याला म्हणतात लाईन देणं. "साहेब, एक वीत डावीकडे. जोर बेताचा." बस. पुढचं साहेबांनी करायचं.

नव्वदनंतर मैदानावरची माणसं बदलली. आधी लष्करातले निवृत्त अधिकारी आणि कारखान्यांचे मालक यायचे. मग सॉफ्टवेअरवाले येऊ लागले. ते गाडीतून उतरतानाही फोनवर अमेरिकेशी बोलत असायचे. अनंत खांबेटे त्यांच्यातलेच. नारायण पेठेत दोन खोल्यांत वाढलेले, आता कल्याणीनगरात स्वतःची कंपनी आणि हाताखाली दोनशे माणसं. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी गोल्फ शिकले. पेठेतली जीभ मात्र तशीच राहिली होती. पहिल्याच दिवशी रामदासला म्हणाले, "अहो, मला खेळता येत नाही हे मला माहीत आहे. तुम्ही तोंडावर कौतुक करू नका, म्हणजे आपलं जमेल." जमलं. सहा वर्षं दर शनिवारी आणि रविवारी खांबेट्यांची पिशवी रामदासच उचलत होता.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर खांबेट्यांचे पट चुकू लागले. लांबचे नाही, चार-पाच फुटांचे. आधी ते हसले. मग पट मारायची नवी काठी, पटर, घेतली. मग काठी धरायची पद्धत बदलली, डावा हात खाली, उजवा वर. काहीच फरक पडेना. एका रविवारी सातव्या ग्रीनवर सलग तिसरा पट चुकला, तेव्हा त्यांनी काठी रामदासच्या हातात दिली आणि स्वतःचे दोन्ही हात पुढे करून बघत उभे राहिले.

"रामदास, हात थरथरतोय का माझा? खरं सांगा."

"नाही साहेब."

"वडिलांना कंपवात होता. सुरुवात अशीच झाली होती. चहाची बशी धरता यायची नाही. आम्ही भावंडं हसायचो." एवढं बोलून ते पुढच्या होलकडे चालू लागले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, डिसेंबरात, रामदासला त्याच्या डोळ्याचं कळलं. कॅडींच्या शेडसमोर झाडलोट करताना उजव्या डोळ्यात कचरा गेला. त्याने तो डोळा मिटून चोळला, आणि डाव्या अंगाला दिसणारा पहिल्या ग्रीनवरचा झेंडा नाहीसा झाला. त्याने डोळा उघडला, झेंडा होता. मिटला, नव्हता. डाव्या डोळ्याला फक्त मधला एक धुरकट ठिपका दिसत होता, बाजूचं काहीच नाही. कधीपासून, ते त्याला सांगता येईना. उजवा डोळा सगळं भागवत होता, म्हणून कळलंच नव्हतं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदूचं निदान केलं. डाव्या डोळ्याची नजर गेली ती परत येणार नाही, उजवा औषधानं वाचवता येईल. रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, एकही दिवस चुकवायचं नाही. "एका डोळ्यानं अंतराचा, चढ-उताराचा अंदाज नीट येत नाही. जिना उतरताना जपा," त्या म्हणाल्या. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "काम काय करता?"

"मैदानावर सामान उचलतो," रामदास म्हणाला.

चढ-उताराचा अंदाज. बसमध्ये तो तेवढेच शब्द घोळवत बसला. मागच्या महिना-दीड महिन्यातले खांबेट्यांचे पट त्याने एकेक करून आठवले. कॅडीला असं सगळं आठवतं. चेंडू दर वेळी उताराच्या खालच्या अंगानं निसटला होता. एकदाही वरून नाही. हात थरथरला असता तर चेंडू कधी इकडे, कधी तिकडे गेला असता. दर वेळी एकाच बाजूला, तेवढ्याच अंतरानं चुकतो याचा अर्थ मारणारा बरोबर मारतोय. सांगणारा चुकीचं सांगतोय. एका डोळ्याला उतार कमी दिसत होता, आणि रामदास वीतभर सांगायचं तिथे चार बोटं सांगत होता.

घरी बुद्धाच्या तसबिरीशेजारच्या फळीवर त्याने औषधाची बाटली ठेवली. बायकोला, कांताबाईला, सगळं सांगितलं, पण खांबेट्यांचं सोडून. मुलगी दीपाली वाघोलीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. रोज सकाळी बस धरायच्या आधी बापाला खाटेवर आडवा करून थेंब घालायचं काम तिने घेतलं. पापणी वर ओढून धरायची, थेंब टाकायचा, मिनिटभर मिटवून ठेवायची. एकदा त्या मिनिटभरात ती म्हणाली, "बाबा, डोळ्याचं त्या साहेबांना सांगितलंत ना? तुमचा जॉबच नजरेचा आहे."

"सांगतो."

"म्हणजे नाही सांगितलं."

तो डोळे मिटून पडून राहिला.

त्याने सांगितलं नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. एका डोळ्याच्या कॅडीला कोण घेणार, हे तर होतंच. पण नुसतं तेवढंच नव्हतं. तरणे कॅडी अडलं की त्याला हाक मारायचे, "रामदासभाऊ, जरा लाईन बघून द्या." तो जाऊन बसायचा, आणि चारी बाजूंचे साहेबलोक गप्प व्हायचे. सहावीपर्यंत शिकलेल्या माणसाच्या शब्दासाठी इतकी माणसं थांबतात, हे दुसरीकडे कुठे घडलं नसतं. ते सोडवेना. मग त्याने युक्ती केली. डोळ्याला जेवढं दिसेल त्याच्या दुप्पट सांगायचं. कधी जमून जायचं. कधी चेंडू दुसऱ्याच बाजूला भरकटायचा, आणि खांबेटे आणखी खचायचे.

फेब्रुवारीच्या शेवटी खांबेट्यांनी आपणहून सांगितलं, "मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मार्चच्या एकवीस तारखेला. घरी बोललो नाही अजून. कंपनीत चेकवर सही करायची वेळ आली की मी दार लावून घेतो, माहीत आहे? भागीदाराला म्हटलं, सगळं तू सांभाळायला लाग."

रामदासच्या खांद्यावर पिशवी होती. त्याने पट्टा सारखा केला. तेवढंच केलं.

मार्चच्या पहिल्या रविवारी कंपन्यांच्या स्पर्धा होत्या. अठराव्या ग्रीनवर खांबेट्यांचा चार फुटांचा पट राहिला होता. गेला असता तर त्यांचा संघ दुसरा आला असता. रामदास बसला, बघितलं, पुन्हा बघितलं, आणि म्हणाला, "तीन बोटं उजवीकडे." चेंडू होलच्या खालच्या कडेला चाटून निघून गेला. नंतर चहाच्या वेळी खांबेटे हात खिशात घालून उभे होते. कुणीतरी कप पुढे केला तर "नको, आत्ताच झाला" म्हणाले. झाला नव्हता. रामदासने बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार, मैदान रिकामं. रामदासने आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या साहेबाला फोन केला. "साहेब, पंधरा मिनिटं या. काम आहे."

खांबेटे ऑफिसला जाता जाता आले, गळ्यात टाय. सरावाच्या ग्रीनवर एक कोपरा अगदी सपाट होता. तिथे रामदासने चार फुटांवर दहा चेंडू मांडले.

"मारा साहेब. मी काही सांगणार नाही. सरळ होलमध्ये."

"हे बघायला मला बोलावलंत?"

"मारा तर."

दहापैकी नऊ आत गेले. दहावा काठावर थांबला. खांबेटे चेंडूंकडे बघत राहिले.

"हात गेला असता तर हे झालं नसतं," रामदास म्हणाला. "तुमच्या हाताला काही नाही साहेब. माझा डावा डोळा गेलाय. मला उतार दिसत नाही. मी लाईन चुकीची देत होतो."

खांबेट्यांनी काठी ग्रीनवर टेकवली. "कधी कळलं?"

"डिसेंबरात."

"आज मार्च आहे."

"हो."

"मी तुम्हाला वडिलांचं सांगितलं. डॉक्टरचं सांगितलं, बायकोला सांगायच्या आधी. आणि तुम्ही पट्टा सारखा करत होतात." ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं रामदासला वाटलं. "फार चांगली नोकरी केलीत, ओव्हाळ."

सहा वर्षांत त्यांनी त्याला आडनावानं कधी हाक मारली नव्हती. ते गाडीकडे गेले. दहा चेंडू रामदासनेच गोळा केले, आणि तसाच जाऊन कॅडींच्या मुकादमाकडे, रंगरावांकडे, आपला बिल्ला दिला.

पुढचे दोन महिने वाईट गेले. मैदानावर बातमी पसरायला वेळ लागला नाही. काही हळहळले, काहींनी आपले जुने चुकलेले पट त्याच्या नावावर टाकले. तो घरी बसून राही. कांताबाई सकाळी कामाला जाताना ताट झाकून जाई, ते संध्याकाळी बऱ्याचदा तसंच असे. दीपाली थेंब घालायची, पण बोलायची कमी. एकदा तोच म्हणाला, "तू सांगत होतीस."

"मी सांगत होते म्हणून काय? तुम्हालाच सांगायचं होतं ना," ती म्हणाली, आणि बाटलीचं झाकण लावून निघून गेली.

मे महिन्यात रंगरावांनी त्याला बोलावून घेतलं. गवताची देखभाल करणाऱ्यांत एक माणूस हवा होता. पहाटे रूळ फिरवायचा, पाणी बघायचं. मान देणारं कुणी नाही, लाईन विचारणारं कुणी नाही. रामदासने ते काम धरलं. रूळ ओढताना चढ आला की पोटऱ्यांना ताण बसतो, उतारावर रूळ पुढे ढकलतो. हळूहळू त्याला मैदान पायांनी कळू लागलं, पण ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी खांबेटे आले आणि रूळ थांबेपर्यंत ग्रीनच्या कडेला उभे राहिले. "रिपोर्ट मार्चमध्येच आला होता. काही नाही निघालं," ते म्हणाले.

"बरं झालं साहेब."

"नवा कॅडी उत्तम लाईन देतो. तरी चुकतोय मी. आता का, ते तुम्ही सांगा."

रामदासने रूळाचा दांडा खाली ठेवला. "मान. चेंडू निघायच्या आत वर बघता. भीती बसली तुम्हाला. ती मीच बसवली."

"हं." खांबेटे म्हणाले. "राग गेलेला नाही माझा. सांगून ठेवतो. पण एक विचार करत होतो. इथे सत्तर-ऐंशी कॅडी आहेत. त्यांतल्या किती जणांचे डोळे कुणी तपासलेत?"

"एकाचेही नाही."

तपासणी झाली ती पुढच्या महिन्यात, कॅडींच्या शेडमध्ये. डॉक्टर आणि यंत्रं खांबेट्यांच्या कंपनीने आणली. नावं लिहायला रामदास बसला. सगळे आले, एक समाधान सोडून. समाधान पस्तिशीचा, सध्या मैदानावरचा सगळ्यांत भरवशाचा लाईन देणारा. तो मागे नळाजवळ उकिडवा बसला होता. रामदास त्याच्याकडे गेला.

"चल."

"माझं काही नाही भाऊ."

"मग चल ना."

समाधान चिडला. "तुम्ही स्वतः तीन महिने लपवलंत. आता मला शिकवताय? काही निघालं तर मी काय रूळ ओढू?"

निघालं तर रूळच ओढावा लागेल, हे दोघांनाही माहीत होतं. तो त्याच्या शेजारी बसला. आतून डॉक्टर नावं पुकारत होते. रांग सरकत सरकत शेवटच्या दोघांवर आली, तरी रामदास उठला नाही. शेवटी समाधाननेच विचारलं, "दुखतं का?"

"नाही. यंत्राच्या आत बघायचं. नुसता एक दिवा असतो."

समाधान उठला, तोंडावर पाण्याचा हबका मारला आणि शर्टाच्या बाहीनं पुसत शेडमध्ये गेला. रामदासने वहीत त्याचं नाव लिहिलं आणि दाराबाहेर थांबून राहिला.