सुमलीला मी शंका शिकवली

तुम्ही पहिलेच. नवऱ्याला हे ठाऊक नाही, आईला नाही, माझ्याबरोबर ड्युटी करणाऱ्या बायकांना तर नाहीच. कधी कधी ओठांवर आलं होतं — पण मी विषय बदलला. विषय बदलणं मला छान जमतं.

मी पोलिसात आहे. शेतकऱ्याची मुलगी, खाकी वर्दी, म्हणून तालुक्यातल्या शाळा मला भाषणाला बोलावतात. मी दरवेळी एकच सांगते. एकदम मोठी उडी मारू नका. रोज थोडं करा. काल रस्त्यावरच्या ज्या खांबापाशी दम लागून थांबलात, आज त्याच्या पुढच्या खांबापर्यंत जा. बस, इतकंच. मुली टाळ्या वाजवतात. आणि खरंच सांगते, त्यात खोटं काहीच नाही. रोजच्या लहानशा सवयीने माणूस हवं ते मिळवतो. मी मिळवलं. दोन गोष्टी मिळवल्या. भाषणात एकच सांगते.

खांबांची युक्ती माझी नाही. ती सुमलीची.

भरतीच्या तयारीसाठी मी नंदुरबारला खोली घेऊन राहत होते. आम्ही चौघी होतो. सुमली पावरा आदिवासी, सातपुड्यातल्या धडगावच्याही वरच्या पाड्यावरची. घरी पावरी बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली — ‘मी गेला’, ‘ती आला’ असं व्हायचं तिचं. पण धावायला लागली की तिच्याकडे बघत राहावं. मला मात्र मैदानाची अर्धी फेरीही होत नव्हती. भरतीचं स्वप्न सोडून गावी परत जायचं मी जवळजवळ ठरवलं होतं.

तिनेच मला उठवलं. अंधार फिटायच्या आत पांघरूण ओढायची. शहराबाहेरच्या रस्त्याने आम्ही धावायचो. दोन्ही बाजूंना मिरच्या वाळत घातलेल्या असायच्या, लांबवर लालच लाल. वारा आला की ठसका लागायचा आणि मला थांबायला निमित्त मिळायचं. ती थांबू द्यायची नाही. “तो खांब दिसतो ना? तिथपर्यंत. पुढचं उद्या.” रोज एक खांब. रोज. मी रडायचे, तिला शिव्या घालायचे — ती हसत माझ्या बाजूने चालत राहायची. माझं धावणं म्हणजे तिचं चालणंच होतं!

त्याच्या बदल्यात तिने काय मागितलं? संध्याकाळी थोडा वेळ मराठी व्याकरण. लेखी परीक्षेत तिला त्याचीच भीती होती. माझं मराठी चांगलं होतं. मी आनंदाने हो म्हटलं. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, हे खरं आहे... पण ते सांगून मला काय मिळवायचंय?

एका सणाला मी तिला आमच्या गावी नेलं. आईने तिला पोटभर जेवू घातलं. निघताना आई मला अहिराणीत म्हणाली, “तुन्हापेक्षा गुनी शे ती पोर.” एवढंच. आई विसरूनही गेली असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे नंदुरबारच्या रस्त्यावर मी तिच्या मागे धावत होते. समोर तिची पाठ. मला त्या पाठीचा राग आला. डोंगरातली पोरगी — आणि मी तिच्या मागे? हेच शब्द होते. मी ते मऊ करून सांगणार नाही.

त्या संध्याकाळी तिने एक उत्तर बरोबर दिलं. ‘रामाने आंबा खाल्ला.’ प्रयोग ओळखा. “कर्मणी,” ती म्हणाली. मी भुवया उंचावल्या. नुसती तिच्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “नक्की?”

तिचा चेहरा उतरला. “मग... भावे?”

“उद्या बघू,” असं म्हणून मी पुस्तक मिटलं.

इतकं सोपं होतं ते. मी तिला चुकीचं काही शिकवलं नाही — तसं केलं असतं तर कधीतरी उघडकीला आलं असतं. पुस्तकात मागे उत्तरं छापलेली होती. ती मागे बघायचीच नाही. “तू आहे ना,” म्हणायची. म्हणून मी फक्त गप्प राहायचे. ती बरोबर असली की भुवया उंचावायच्या. चुकली की हसून पुढचा प्रश्न घ्यायचा. खोलीतल्या बाकी दोघींसमोर तिची नक्कल करायची — ‘मी गेला, मी गेला’ — आणि ती आली की एकदम शांत व्हायचं, म्हणजे तिला कळेल की आपल्यावरच हसत होत्या. रोज थोडंसं. एकाही दिवशी फार नाही. एकही दिवस चुकवला नाही.

सकाळी ती मला एक खांब पुढे न्यायची. संध्याकाळी मी तिला एक पाऊल मागे आणायचे. काही महिन्यांनी ती बोलण्याआधी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. दुकानात साबण मागतानासुद्धा. मला ते दिसत होतं. आणि मला मजा येत होती. माझा दम वाढत होता, तिचा आवाज बारीक होत होता, आणि दोन्ही माझीच कमाई असल्यासारखं मला वाटत होतं.

तुम्हाला वाटेल, जागेसाठी केलं असेल. नाही. आरक्षणामुळे आमच्या दोघींच्या जागा वेगवेगळ्या होत्या. ती लागली असती तर माझं काहीच जाणार नव्हतं.

मैदानात ती पहिली आली. मीही पास झाले, तिच्या जिवावर. मग लेखी झाली. बाहेर आल्यावर ती झाडाखाली बसली आणि म्हणाली, “पहिलं उत्तर डोक्यात बरोबर आलं होतं गं. मग वाटलं, नसेल. दुसरंच लिहिलं. सगळीकडे तसंच केलं.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हो, हात फिरवला!

माझं नाव यादीत आलं. तिचं आलं नाही. ट्रेनिंगला निघाले त्या दिवशी ती मला स्टेशनवर सोडायला आली, माझी बॅग डोक्यावर घेऊन. गाडी यायला वेळ होता. तिने विचारलं, “पुढच्या भरतीला परत बसू का?”

तेव्हा थांबता आलं असतं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं, तिच्याशी आता कसली चढाओढ? ‘बस’ एवढा एकच शब्द पुरला असता. मी म्हटलं, “राहू दे, सुमली. मराठी तुझ्या डोक्यात बसणारं नाही. उगाच वर्ष घालवशील.”

ती मान हलवून “बरं” म्हणाली. त्या हंगामात ती आईबापाबरोबर ऊसतोडीला गुजरातेत गेली.

मागच्या वर्षी डोंगरातल्या एका आश्रमशाळेत भाषण झाल्यावर एका मुलीने हात वर केला. “ताई, खांबांचं तुम्हाला कोणी शिकवलं?” मी म्हणाले, “कोणी नाही. स्वतःच सुचलं.” क्षणाचाही विलंब लागला नाही.

आणि यंदा होळीआधीच्या बाजारात बंदोबस्ताला होते, तर गर्दीतून कुणीतरी माझं नाव घेऊन हाक मारली. सुमली. कडेवर मुलगी. उन्हाने रापलेली, पण हसणं तेच. बरोबरच्या बायकांना तिने पावरीत काहीतरी अभिमानाने सांगितलं, मग मला मराठीत म्हणाली, “मी यांना सांगते, हिने मला रोज शिकवलं, रोज. कंटाळा नाही केला. माझंच डोकं कमी.” मग मुलीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “हिला चार बुकं शिकवून शाळा बंद करणार. आमच्या डोक्यात नाही बसत ते.”

मुलगी माझ्या टोपीकडे टक लावून बघत होती. जीप चालू होती, पण ड्रायव्हर थांबला असता. मी मुलीचा गालगुच्चा घेतला, “गोड आहे गं,” म्हटलं आणि जीपमध्ये बसले.

सुमलीचा पाडा मला माहीत आहे. आता तिथपर्यंत रस्ता झाला आहे. मी अजून गेलेले नाही, आणि जाईन असं मला वाटत नाही.