पोच न दिलेला निरोप

निरोप या गोष्टीवर माझ्या साडूइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या वाशीम जिल्ह्यात दुसरा नसेल. माझं बी-बियाण्यांचं दुकान वाशीमला, शाखा किन्हीराजा आणि कामरगावला. तिन्हीकडचे संगणक एकमेकांशी बोलायला तयार नव्हते. त्यांच्यासाठी एक्सएमएलमध्ये निरोपांचा साचा बांधून देण्याचं काम साडूनं आपणहून अंगावर घेतलं. म्हणजे प्रत्येक माहितीपुढे तिच्या नावाची पाटी लावायची आणि माहिती संपली की पाटी लावूनच बंद करायची. मला फक्त कुठे किती थैल्या उरल्या, एवढंच हवं होतं. तो विचारी, "थैली किती किलोची? मोजली कोनं? कवा?" पेरणी तोंडावर आली तरी हेच. मी ओरडलो, "साडभाऊ, लोकं दुकानात उभे हायेत!" तर म्हणे, "राहू द्या उभे. उद्या चन्याचं बियानं आलं तं या साच्यात कुठी बसवता?"

त्याच्या साच्यात प्रत्येक निरोपाला क्रमांक. पोच येईपर्यंत धाडणाऱ्यानं तोच निरोप पुन्हा धाडायचा आणि घेणाऱ्यानं तो एकदाच मोजायचा. ऐन हंगामात किन्हीराजाचं नेट तुटत राहिलं, एकच मागणी वारंवार आली, पण गाडी एकच गेली. मी त्याला शाबासकी दिली नाही, याची टोचणी अजून आहे. पण घरीही तो हेच करी. मेहुणी दुसऱ्यांदा म्हणाली, "अहो, दूध आना." हा जागचा हलेना. "पयलाच निरोप हाय ना? त्याची पोच देल्ली मी." "पोच नको, दूध आना!"

रोज संध्याकाळी चहाच्या वेळी माझ्यासमोर बसून तो असं डोकं खाई. मग लेकीकडे पुण्याला कायमचा राहायला गेला. त्याच दिवशी मोबाइलवर आलं, "पोचलो. क्रमांक १. पोच द्यावी." दुकानात गर्दी होती, राहून गेलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा तेच, आणि तेव्हापासून रोज. वाचल्याच्या निळ्या खुणा त्याला दिसतात, पण "वाचलं म्हंजे समजलं असं नाई," हे त्याचंच म्हणणं.

बायको चिडते, "एक 'बरं' लिहाले काय जाते तुमचं? तिकडं जीव टांगून बसला असन तो." मलाही अपराधी वाटतं. पण कामाशिवाय फोन करणारा तो माणूस नव्हे. 'बरं' लिहिलं की क्रमांक एक मिटला, आणि क्रमांक दोन कधी येईल कोण जाणे.

आजही चहा आला आणि फोन वाजला. साडू पुन्हा एकदा पुण्याला पोचला.