काडीमोड

अंगणात तुराट्यांचा भारा, त्यावर उतरतं पिवळं ऊन, चुलीचा धूर, ओसरीतल्या सरकीचा तेलकट वास... आणि त्या धुरात बसून माय तुरीची एकेक वाळकी काडी गुडघ्यावर कटकन मोडून चुलीत सारायची. त्या दिवशी प्रत्येक आवाजाला मी कानांवर हात ठेवत होतो. दुपारीच कानावर आलं होतं — उद्या पंच बसणार, माझ्या मायबापाची काडीमोड होणार.

आमच्या भीमपूरकडच्या त्या खेड्यात नवराबायको पंचांसमोर काडीची दोन टोकं धरत, मोडत, आपापला तुकडा मागं फेकत. संपलं. कचेरीत त्याला फारकत म्हणत. माझा तेलुगू शेजारी विडाकुलू म्हणतो, त्यात पान फाडल्याचा अर्थ आहे म्हणे. शिकलेले घटस्फोट म्हणतात. मी चौथीतच शाळा सोडली, मला जास्त कळत नाही. तेव्हा एवढंच कळलं होतं, की काडी मोडली की माय जाईल.

म्हणून अंधार पडताना अख्खा भारा ओढत नेला आणि गुरांच्या हौदात बुडवला. ओली काडी वाकते, मोडत नाही.

सकाळी चुलीत नुसता धूर. मायनं माझा कान धरला.

"काऊन रे भिजवल्या?"

मी सांगितलं. ती हसली — पदरानं डोळे पुसत हसली. "येड्या, गावातल्या साऱ्या काड्या का आपल्याच घरी हायेत?"

पंचानं कुंपणातली एक उपसली. बाप म्हणाला, "मोड ना वं, थांबली काऊन?"

"तुमच्याच्यानं मोडत नाई, त मले सांगून राह्यले काय?"

मग तो आवाज आला. पोरगं बापाचं, असं पंचांनी ठरवलं, आणि माय एकटीच पैनगंगेच्या पल्याड गेली. मी आजही तो आवाज झोपेत ऐकतो अन् दचकतो.

हे मी लग्नानंतर बायकोला सांगितलं होतं. तोंडाची ती फाटकी, भांडणात माझ्या सात पिढ्या काढायची, पण तो शब्द तिनं कधी उच्चारला नाही. फार तर पिशवी उचलून म्हणायची, "चालली मी माहेरी." दिवेलागणीला मी आणायला निघायचो, तर बाई फाट्यावरच बसलेली — बस मुद्दाम सोडून. "लय उशीर केला," म्हणायची.

यंदा कापूस फुटायच्या आधी ती वारली. भांडण नाही, रुसणं नाही... झोपेतच. दिवेलागणीला माझे पाय अजून चपला शोधतात. मग दारातच उभा राहतो, आणि भ्याव वाटतं — आता हिला आणायला जावं तरी कुठं?