नमुन्यासाठी माझा पाय

तुम्ही पत्रात विचारलंत, आजी नर्स होती का. नव्हते. मॅट्रिक झाल्यावर दोन वर्षं मी बेळगावच्या कॅम्पातल्या एका मिशन दवाखान्यात सकाळी बिनपगारी कामाला जात असे. पट्ट्या उकळायच्या, वाळवून गुंडाळायच्या आणि दारात बसून रोग्यांना नंबराचे पत्र्याचे बिल्ले द्यायचे. बिल्ले संपले की दार बंद. नियम मला पहिल्यापासून आवडतात.

मलमपट्टीच्या खोलीत एकच नर्स होती. तिला सगळे आक्का म्हणत. ती वडगावच्या एका विणकर घराची सून. नवरा वारल्यावर तिनं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सासूनं तिची लुगडी रस्त्यावर टाकली आणि दार लावून घेतलं. हे सगळ्या कॅम्पाला ठाऊक होतं. तिच्या तोंडून मात्र मी ते कधी ऐकलं नाही.

एका सकाळी एक म्हातारी काठी टेकत आली. पायाला चिंधी बांधलेली.

"वडगावास्नं आलोय," ती म्हणाली. "हितं माझी सून हाय म्हनं. ती नको. दुसरं कोन असंल तर दाव."

मी म्हटलं, "नंबर संपले." पेटीत सात बिल्ले होते.

काम आटोपल्यावर शाबासकी मिळेल अशा थाटात मी हे आक्काला सांगितलं. ती पट्टी गुंडाळत होती, ती तिनं शेवटपर्यंत गुंडाळली.

"पाय कसा होता?"

"मी पाहिला नाही."

"सासू माझी, आणि राग तू धरून बसलीस व्हय? उद्या एक बिल्ला घेऊन वडगावला जा."

गेले. म्हातारी थांबलेल्या मागाच्या कडेला बसली होती. खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबल्याशिवाय माग चालत नाही, आणि तिला पावडीचा खिळा लागला होता. मुलगा गेल्यापासून त्या मागावरच तिचं पोट होतं.

"काल संपल्याले नंबर आज कुटनं उगवले गं?"

"कालही होते. मी खोटं बोलले. मला क्षमा करा."

तिनं काठी उचलली.

डॉक्टरांनी पाय पाहून सांगितलं, बोटं काळी पडायला लागली आहेत. जखम रोज धुतली नाही तर पाय कापावा लागेल. तरी म्हातारी आक्काला हात लावू देईना. बाटलेल्या हाताचं तिला चालत नव्हतं. मला पुन्हा राग आला. आक्कानं मला चप्पल काढून स्टुलावर बसायला सांगितलं. माझा धडधाकट पाय ती सावकाश धुवायची, पट्टी बांधायची, आणि समोर बसलेली सासू ते बघून आपल्या पायाला तसंच करायची. पाणीही तिच्याच तांब्यातलं, घरून उकळून आणलेलं.

"टाच सोडू नका, आत्याबाई."

"विनकराला गुंडाळाय शिकिवतीस व्हय?"

"सूत गुंडाळाय तुम्हीच शिकिवलंत की मला. हे त्यातलंच."

रोज असं चाललं. मी तिथं असे तेव्हा माझा पाय, नसे तेव्हा आक्का स्वतःचाच पाय पुढे करायची. एकदा मी विचारलं, "आक्का, तुम्ही त्यांना क्षमा केलीत का?"

"करतोय की," ती म्हणाली. "कालची पट्टी आज चालत न्हाय, तसंच हे बी. रोज नवी."

पुढे मी पुष्कळ प्रवचनं ऐकली, इंग्रजीतलीही. हे एवढंच मला पाठ आहे.

महिनाभरानं जखम कोरडी पडू लागली. बोटं वाचली. त्या सकाळी सवयीनं मी चप्पल काढून स्टुलावर बसले.

"तू घाल चप्पल, पोरी," म्हातारी म्हणाली, आणि तिनं आपला पाय आक्काच्या गुडघ्यावर ठेवला. "मी बांधल्याली वाटंतच सुटतीया. तूच बांध."

आक्कानं मान वर केली नाही. टाचेपासून सुरुवात केली, नेहमीसारखी सावकाश. मी चप्पल घातली आणि बाहेर जाऊन पुढचा नंबर पुकारला.