फोटो परत आणणारे राघोबाकाका

आमच्या राघोबाकाकांनी आयुष्यात एकच हट्ट पाळला. सोयरीक जमली नाही, तर मुलीचा फोटो स्वतःच्या हातानं परत आणायचा.

खटकचिंचोळीत त्यांची तुरीची शेती आहे, पण पंचक्रोशीत त्यांना ओळखतात ते सोयरिकी जुळवणारे म्हणून. चहापलीकडे त्यांनी कुणाचं काही घेतलं नाही. फोटोचं पाकीट सदऱ्याच्या आतल्या खिशात घालून मुलाकडे जायचे, दाखवायचे, चार दिवस ठेवू द्यायचे. नकार आला की दुसऱ्या दिवशी काका बसमध्ये. एकदा तापानं फणफणलेले असताना उदगीरहून फोटो घेऊन आले. तो मुलीच्या आईच्या हातात पडेपर्यंत दुसऱ्या घरी तिचं नाव काढायचे नाहीत. "पोरीचा फोटू परक्याच्या कपाटात कामून ऱ्हावा?" म्हणायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. किती नकार आले, हे मुलगी, तिची आई आणि काका सोडून कुणाला कळायचं नाही.

ही शिस्त मोडली मी. मी विजयश्री, त्यांची पुतणी, भालकीला शाळेत शिकवते. मला स्टेटसचं वेड आहे, हे आधीच कबूल करते. वर्गातली मुलं, नवी साडी, शेतातला हुरडा, काहीही टाकते आणि कुणीकुणी बघितलं ते दर दहा मिनिटांनी पाहत बसते. एकटीनं खाल्लेल्या हुरड्यापेक्षा चाळीसजणींनी बघितलेला हुरडा गोड लागतो, काय करणार! काकांचे गुडघे कामातून गेले तेव्हा मीच त्यांना मोबाइल घेऊन दिला. "आता बस नको, जीप नको, इथं बसून फोटो पाठवा," असं मोठ्या शहाणपणानं सांगितलं.

पहिलाच फोटो पाठवला तो आमच्या गल्लीतल्या स्नेहाचा. नर्सिंग शिकलेली, हसरी मुलगी. आई राजूबाईंनी एकटीनं वाढवलेली. मीच तिला गच्चीवर उभी करून फोटो काढला आणि काकांच्या मोबाइलवरून कमलनगरच्या धनराजना पाठवला. त्यांचं बी-खताचं दुकान आहे, मुलगा राम. दोन मिनिटांत काम झालं म्हणून मी टाळी मागितली. काकांनी दिली नाही.

धनराजची मुलगी नेत्रा कॉलेजात आहे. तिला फोटो आवडला. आवडला म्हणून तिनं स्टेटसला टाकला, खाली लाल बदाम आणि "आमची होणारी वहिनी". वाईट हेतू काडीचाही नव्हता, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! अजून मुलानं मुलीला बघितलंसुद्धा नव्हतं. संध्याकाळपर्यंत औरादपासून बीदरपर्यंत अभिनंदनं सुरू झाली. आठवड्यानं धनराजचा निरोप आला, "घरात मोठ्यांचं जमंना."

पूर्वी असा नकार पाकिटात बसून गुपचूप घरी यायचा. आता तो आला तेव्हा वरात निघायची तेवढी बाकी होती. पुढं निंबर्ग्याच्या एका चांगल्या घरानं स्नेहाची चौकशी केली. त्यांनी काकांना फोनवर पहिला प्रश्न विचारला, "कमलनगरची सोयरीक कामून मोडली?" जी जुळलीच नव्हती, ती मोडली होती. "इचार करून सांगतो" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

काकांनी काठी उचलली. रविवार होता, मीही सोबत गेले. धनराजच्या ओसरीवर बसून त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"फोटू परत द्या."

"अण्णा, डिलीट केलाय की तवाच," धनराज म्हणाले.

"केलाय म्हंजे? गेला कुठं त्यो?"

"गेला म्हंजे गेला. न्हाई आता."

"न्हाई कसा? निंबर्ग्याच्या मान्सानं बघितलाय."

धनराजनी नेत्राला बाहेर बोलावलं. पोरगी रडायलाच लागली. तिनं सात नावं सांगितली, ज्यांनी तिच्याकडून फोटो मागून घेतला होता. मावशी, आत्या, दोन मैत्रिणी, असेच कोणीकोणी. काकांनी मला नावं कागदावर लिहायला लावली. मला वाटलं, म्हातारा नुसता मनाच्या समाधानासाठी लिहून घेतोय. तो प्रत्येक दारात जाणार आहे, हे मला परतीच्या बसमध्ये कळलं.

"काका, अक्कल गहाण टाकलीत का?" मी चारचौघांत ओरडले. "ज्यांना ठाऊक नाही, त्यांनाही कळेल!"

"तीस वरसांत एक फोटू माघं सोडला न्हाई मी," ते म्हणाले. "तू गप बस."

आणि गेले. चार दिवस, दुखऱ्या गुडघ्यांनी, बस आणि जीप बदलत. प्रत्येक दारात हात जोडायचे, "बाई, माज्यासमोर पुसून टाका," म्हणायचे आणि पुसेपर्यंत हलायचे नाहीत. माझंच खरं झालं. शेजारपाजारचे विचारायचे, कुणाचा फोटो, काय झालं? सहाव्या दारात कुणीतरी त्यांचा व्हिडिओ काढला. काठीला टेकून हात जोडलेले काका, मागून बायकांचं हसणं, आणि खाली लिहिलेलं, "फोटो वापस करो आंदोलन". माझ्या शाळेतल्या शिपायानंच मला तो दाखवला. तेव्हा मला वाटलं, सगळ्यांचे मोबाइल गोळा करून विहिरीत टाकावेत, आणि सगळ्यात आधी माझा.

त्या व्हिडिओत काका स्नेहाचं नाव घेताना स्पष्ट ऐकू येत होतं.

राजूबाई आमच्या दारात आल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "भावजी, तुमच्या पाया पडते," म्हणाल्या, "आता कुनाकडं जाऊ नगा. लोक इसरायले होते." सातव्या घराचं नाव कागदावर तसंच राहिलं.

स्नेहानं मात्र वेगळंच केलं. तिनं स्वतःचा एक फोटो काढला, दवाखान्याच्या गणवेशात, केस बांधलेले, आणि स्वतःच्या स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, "माझं लग्न कुठेही ठरलं नव्हतं आणि मोडलंही नाही. विचारायचं असेल तर मला विचारा." मी तो तीनदा बघितला. ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू? काकांना दाखवला तर ते कपाळाला हात लावून बसले. "आपला फोटू आपनच चव्हाट्यावर," एवढंच म्हणाले.

निंबर्ग्याच्या मुलानं तो बघितला. त्यानं खरोखरच तिला विचारलं, थेट, मेसेज करून. मग आईवडील बोलले, मग राजूबाई बोलल्या. मधे काका कुठंच नव्हते.

परवा सकाळी मी स्टेटस बघत होते, तर स्नेहाच्या मावसबहिणीनं टाकलेला फोटो दिसला. सुपारी फुटली होती, निंबर्ग्याच्या त्या मुलाशी लग्न पक्कं झालं होतं. आमच्याकडे सुपारी मध्यस्थाच्या हातानं फुटते. फोटोत ती मुलाच्या मामानं फोडलेली दिसत होती. आमच्याच गल्लीत, आमच्यापासून सहा घरं पलीकडे, आणि आम्हाला साधं बोलावणं नव्हतं. त्या व्हिडिओनंतर काकांना पाहुण्यांसमोर बसवायची राजूबाईंना लाज वाटली असणार. मला त्यांचा राग आला, काकांचा आला, नेत्राचा आला. माझा स्वतःचा तर किती आला, ते सांगत नाही.

दुपारी काकांनी स्वतःच विचारलं, "राजूबाईच्या दारात गाडी कशाची व्हती गं काल?" मग मला मोबाइल दाखवावाच लागला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. स्नेहाचा चेहरा बघितला, मुलाचा बघितला, सुपारी फोडणारा हात बराच वेळ बघितला.

"पोरगी खूश दिसायली," ते म्हणाले.

"व्हय, काका."

मोबाइल माझ्या हातात देताना त्यांनी माझं मनगट धरलं. "विजू, अजून लगीन व्हायचंय तिचं. ह्यो फोटू कुनाला पाठवू नगंस."

मी नाही पाठवणार म्हणाले. शाळेतल्या दोघीजणींना तो मी सकाळीच पाठवला होता.