व्हिकरच्या डब्यात आप्पा

आमच्या घरी गणपतीची प्राणप्रतिष्ठा माझे वडील व्हिडिओ कॅसेटमधून करतात.

ब्रिस्टलला भटजी मिळतच नाहीत असं नाही. पण गणेश चतुर्थीला मिळतात ते दुसऱ्या गावाहून येतात, आणि येईपर्यंत देवाचा नैवेद्य गार आणि यजमान गरम झालेले असतात. म्हणून ज्या वर्षी आई-आप्पा पुण्याहून आमच्याकडे राहायला आले, त्या वर्षी पूजा आप्पांनीच सांगितली. माझ्या बायकोने, मेधाने, ऑफिसमधल्या मैत्रिणीचा कॅमेरा आणून ती टेप केली. मग व्हीएचएस कॅसेटवर एक प्रत काढली आणि कॅमेरा परत केला. मैत्रिणीने मूळ टेपवर तिच्या मांजरीची बाळं शूट केली. म्हणजे आप्पांची जगात एकच प्रत उरली, आणि ती आमच्याकडे!

पुढच्या वर्षी आप्पा पुण्यात होते. मेधाने सहज कॅसेट लावली, तर आप्पा टीव्हीतून म्हणाले, "हं विवेका, बस. आधी तो पाट सरळ कर." मी खाली बघितलं. पाट खरोखर वाकडा होता! मी निमूटपणे सरळ केला, आणि तेव्हापासून आमच्या घरी हीच पद्धत पडली.

अडचण एकच होती. मूळ पूजेत मला हळदीची वाटी सापडत नव्हती, आणि आप्पा बराच वेळ गप्प बसून माझ्याकडे नुसते बघत राहिले होते. (ज्यांचे वडील मास्तर होते त्यांना ती नजर माहीत असेल.) ती शांतता कॅसेटमध्ये जशीच्या तशी आहे. त्यामुळे दरवर्षी वाटी समोर असूनही मला तेवढा वेळ हळद शोधत बसावं लागतं, नाहीतर मी पूजेत आप्पांच्या पुढे निघून जातो. एकदा आमच्या इराने वाटी पटकन पुढे केली, तर मेधा तिला म्हणाली, "ठेव परत. अजून आजोबा बघतायत."

आता माझ्या दुसऱ्या देवघराविषयी सांगायला हवं.

मी इथे विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा चहाच्या सुट्टीत सगळे गोरे सहकारी एकेक वाक्य टाकून खो-खो हसायचे. मी त्यांच्याबरोबर हसायचो, पण अर्ध्या सेकंदाने उशिरा. पुढे कळलं की ती सगळी वाक्यं जुन्या ब्रिटिश मालिकांमधली होती. मग मी चॅरिटी शॉपमधून, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तू स्वस्तात विकणाऱ्या दुकानातून, त्या मालिकांच्या कॅसेट आणायला लागलो. मालिकांमधून जुन्या कृष्णधवल सिनेमांवर गेलो, सिनेमांमधून युद्धपटांवर, युद्धपटांमधून खुनांवर. मला सगळे विनोद कळायला लागले, तोवर ते सहकारी रिटायर झाले होते, आणि नव्या पोरांना त्यातलं एक वाक्यही माहीत नव्हतं. आता मी वाक्य टाकायचो आणि ते अर्ध्या सेकंदाने हसायचे.

तरी कॅसेट येतच राहिल्या. नंतर डीव्हीडी आल्या, आणि तेच सिनेमे पुन्हा येऊ लागले, स्वच्छ करून, पुस्तिकेसह, चांगल्या डब्यात.

"हे आहे की आपल्याकडे," मेधा म्हणायची.

"ही पुन्हा साफ केलेली प्रत आहे."

"म्हणजे आधी घाण विकत होते का तुला?"

अशा प्रश्नांना कलेक्टर, म्हणजे संग्रह करणारा माणूस, उत्तर देत नसतो.

आप्पा गेले तेव्हा मी पुण्याला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. परत आलो आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर ती कॅसेट बघायला काढली. बघवली नाही. पण तिचं पुठ्ठ्याचं पाकीट फाटायला आलेलं दिसलं. हे मात्र मला जमण्यासारखं काम होतं! मी तिच्यासाठी माझ्या संग्रहातला सर्वांत मजबूत प्लॅस्टिकचा डबा शोधायला लागलो.

"देवाची कॅसेट त्या खुनांच्या डब्यात नाही हं ठेवायची," मेधाने बजावलं.

ते पटलं. युद्धसुद्धा बरं दिसलं नसतं. शेवटी मला एका खेड्यातल्या गोंधळ्या व्हिकरची जुनी मालिका सापडली. व्हिकर म्हणजे इथल्या चर्चचे पुजारी. धर्म वेगळा असला तरी खातं तेच! मी व्हिकरची कॅसेट बाहेर काढली आणि आप्पांना आत ठेवलं. पण कोणतीच कॅसेट उघडी टाकायची नाही हा आमचा कलेक्टर लोकांचा नियम, म्हणून व्हिकरला आप्पांच्या पाकिटात घातलं. पाकिटावर मेधाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'गणपती पूजा, आप्पा'. मी ते वाचलं. वाचूनही घातलं. लक्षात राहील म्हटलं.

त्या वर्षी आम्ही गणपती आणला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी वर्षश्राद्ध उरकून आई आमच्याकडे आली. आप्पांच्या नंतरचा हा तिचा पहिलाच गणपती. चतुर्थीला सकाळी तिने स्वतः खुर्ची ओढून टीव्हीजवळ घेतली, चष्मा पुसला आणि मला म्हणाली, "आवाज जरा मोठा ठेव हं."

एवढंच म्हणाली. पण आल्यापासून ती या एका गोष्टीसाठी थांबली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

कुलकर्णीकाका-काकू आले होते. मी पीतांबर नेसून, अंगावर उपरणं घेऊन पाटावर बसलो, उजव्या हातावर पाणी घेतलं. मेधाने देवघराच्या खणातून पाकीट काढलं, कॅसेट आत सरकवली आणि हात जोडून उभी राहिली.

ऑर्गन वाजला.

पडद्यावर एक कृष्णधवल चर्च दिसलं. दारातून सायकलसकट एक व्हिकर आत आले, आडवे झाले, उठले आणि म्हणाले, "लेट अस प्रे!"

कुलकर्णीकाकूंनी डोळे मिटून नमस्कार केला. आणि मी, सूचना आली म्हणजे पाळायची या सवयीने, आचमन करून टाकलं!

"बाबा, हा कॅसेट चुकीचा आहे," इरा तिच्या ब्रिस्टलच्या मराठीत म्हणाली.

"शांत राहा. खरी कॅसेट सुरक्षित आहे," मी म्हणालो, आणि मोठ्या ऐटीत शेल्फकडे गेलो. व्हिकरच्या जागी हात घातला. तिथे व्हिकरच होते. पण डीव्हीडीवर. साफ केलेल्या प्रतीत, पुस्तिकेसह.

मी मागच्या रांगेतही हात घालून बघितला.

"विवेक," मेधा हळू आवाजात म्हणाली, "डीव्हीडी घेतल्यावर जुन्या डब्यांचं तू काय करतोस?"

"देऊन टाकतो."

"हा कुणाला दिलास?"

आठवलं. न आठवतं तर बरं झालं असतं. आमच्या गल्लीच्या टोकाला मिस्टर पेंडल्टन राहतात. रिटायर झालेले, माझ्यासारखेच कलेक्टर, माझ्याहून जास्त वेडे. हिवाळ्यात त्यांची बायको डोरीन गेली. सांत्वनाला रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी जाताना काहीतरी हलकंफुलकं घेऊन गेलो होतो. (घरात डबल झालेलं. सांत्वनातही मी डुप्लिकेट शोधली!) मी डबा उघडून न बघता त्यांच्या हातात दिला होता आणि म्हणालो होतो, "हे बघा, जरा बरं वाटेल."

आईने हे सगळं ऐकलं. ती रागावली असती तर मला चाललं असतं. ती म्हणाली, "राहू दे रे. मला येते तेवढी पूजा तोंडपाठ. मी सांगते." आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

त्या चष्म्याने मला घराबाहेर काढलं.

ब्रिस्टलच्या चढावर पीतांबर सावरत पळणं सोपं नाही. बस स्टॉपवरच्या लोकांनी बघितलं आणि इथल्या रीतीप्रमाणे काहीच बघितलं नाही असं दाखवलं. माझ्या डोक्यात एकच विचार होता. पेंडल्टनसाहेब संध्याकाळी टीव्हीवरचे स्नूकरचे सामने रेकॉर्ड करतात. व्हिकर निघाले नाहीत, भलताच माणूस निघाला, म्हणजे त्यांच्या दृष्टीने ती कोरी कॅसेटच! आप्पांवर आता कुणीतरी लाल चेंडू मारत असणार.

त्यांनी दार उघडलं. माझ्या पीतांबराकडे बघितलं. आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही.

"अच्छा, आज तो दिवस आहे का?" ते म्हणाले.

"मिस्टर पेंडल्टन, ती व्हिकरची कॅसेट... तुम्ही त्यावर काही रेकॉर्ड तर..."

"विवेक!" त्यांचा चेहरा असा झाला जणू मी त्यांना चोर म्हणालो होतो. "मी तिचा टॅब काढून टाकला, पहिल्याच दिवशी. तुम्ही तो तसाच ठेवला होता. स्वतः कलेक्टर असून!"

इथे सांगायला हवं, कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी पट्टी असते, तोच टॅब. ती मोडली की त्या कॅसेटवर पुन्हा कुणी रेकॉर्ड करू शकत नाही. माझ्या सगळ्या खुनांचे टॅब मी मोडून ठेवले होते. आप्पांचा राहिला होता.

"पण तुम्ही मला सांगितलं का नाही, की भलतीच कॅसेट आली म्हणून?"

"भलती?" ते गोंधळले. "मला वाटलं तुम्ही मुद्दाम दिलीत. तुम्ही म्हणालात, बरं वाटेल. आणि वाटतं हो. ते म्हातारे गृहस्थ फार शांतपणे बोलतात. मला अक्षर कळत नाही, पण संध्याकाळी लावून ठेवतो. घरात कुणीतरी कुणाला तरी काहीतरी शिकवतंय, असं वाटतं." मग ते म्हणाले, "तुम्ही मात्र कधी शिकत नाही."

मी त्यांना म्हटलं, चला. त्यांनी कोट घातला, टाय लावला आणि डबा छातीशी धरून माझ्याबरोबर उतार उतरले. आम्ही दोघं एकत्र चालताना कसे दिसत असू याचा मी विचार केला नाही.

मेधाने त्यांना आईशेजारी खुर्ची दिली. कॅसेट आत गेली.

"हं विवेका, बस. आधी तो पाट सरळ कर."

आईने चष्मा लावला. पदर सारखा केला, आप्पा खोलीत आल्यावर करायची तसा.

मी घाईघाईने पळी उचलली, आणि आप्पा काही बोलायच्या आत मिस्टर पेंडल्टननी आपला उजवा हात वर करून मला खूण केली. मी बघितलं. पाणी मी डाव्या हातावर घेतलं होतं! पुढच्या क्षणी टीव्हीतून आलंच, "उजवा हात! उजवा! मुंजीत काय शिकवलं होतं?"

पेंडल्टनसाहेबांना सगळी पूजा पाठ होती. हळदीची वेळ आली तेव्हा इराने वाटी पुढे केली, तर त्यांनी तिचा हात हलकेच मागे केला आणि आप्पांकडे बोट दाखवलं. अजून बघतायत.

आरती झाली. दरवर्षीप्रमाणे मेधा कॅसेट बंद करायला उठली, कारण आमचं लक्ष एव्हाना मोदकांकडे लागलेलं असतं.

"अजून नाही," मिस्टर पेंडल्टन म्हणाले. "पुढे आहे."

पुढे आहे? आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्या वर्षी मेधा कॅमेरा चालूच ठेवून, सोफ्यावर टाकून मोदक काढायला गेली होती. पडद्यावर तिरक्या खोलीत उपरण्याने मान पुसणारे अर्धे आप्पा दिसले, आणि शेजारी आईचा हात.

"मेधाला सांग," आप्पा आईला म्हणत होते, "ही कॅसेट तिने स्वतःकडे ठेवावी. विवेकाकडे देऊ नये."

"का हो? तो जपून ठेवतो की सगळं."

"तेच तर. त्याने जपून ठेवलेलं पुन्हा सापडत नाही."

"सांगते हो," कॅसेटमधली आई म्हणाली, आणि दोघंही हसले. बारीक, एकमेकांपुरतं. मग पडदा निळा झाला.

आई पडद्याकडे बघतच होती. मग कपाळावर हात मारून म्हणाली, "अगंबाई! सांगायचं राहिलंच की गं मेधा!" आणि हसायला लागली. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागली. मेधाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"हा शेवटचा भाग मी नेहमी दोनदा बघतो," मिस्टर पेंडल्टन खालच्या आवाजात मला म्हणाले. "पाहुणे गेल्यावर डोरीन आणि मी असेच बोलायचो. काय म्हणतात हो तुमचे वडील?"

माझं सगळं कुटुंब माझ्याकडे बघत होतं. अप्रकाशित भाग असलेली, जगात एकच प्रत असलेली कॅसेट मी डुप्लिकेट समजून वाटून टाकली होती. कलेक्टर म्हणून थोडीतरी अब्रू राखणं भाग होतं.

"ते म्हणतात," मी गंभीरपणे सांगितलं, "माझा मुलगा फार व्यवस्थित आहे."

मिस्टर पेंडल्टननी निळ्या पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग कॅसेट बाहेर काढून डब्यात घातली आणि डबा मेधाच्या हातात दिला.